वसूभाऊ, मैना आणि निवळीचा चढ

लग्न होऊन साताऱ्याहून रत्नागिरीला आले, त्याच आठवड्यात माझा स्टोव्ह भडकला. स्वयंपाकघरात काळा धूर, मी खोकत अंगणात आणि आमचे हे पाण्याची बादली घेऊन नुसते उभे. एवढ्यात शेजारच्या गडग्यावरून एक डोकं वर आलं. अर्धं टक्कल, कपाळावर ग्रीसचा पट्टा, दातांत पेन्सिल. मला वाटलं, आता हा माणूस 'लागलं का, भाजलं का' असं काहीतरी विचारील. कप्पाळ! पेन्सिल काढून ते म्हणाले, "त्या स्टोव्हला शेवटचा हात कुणाचा लागला?"

मी यांच्याकडे बघितलं. यांनीच सकाळी मोठ्या हौसेनं स्टोव्हला पिन मारली होती.

"मग दुसरीकडे शोधायला नको," असं म्हणत ते गडगा ओलांडून सरळ आमच्या स्वयंपाकघरात शिरले. हा गडगा म्हणजे जांभ्या दगडांची नुसती एकावर एक रचलेली कंबरभर भिंत. साताऱ्याला ना ती वस्तू होती ना तो शब्द. पण पुढची चार वर्षं माझा निम्मा संसार त्या गडग्यावरूनच झाला. स्टोव्ह नीट करून, हात माझ्याच नव्या फडक्याला पुसून ते म्हणाले, "धडधाकट चालणारी वस्तू आपणहून बिघडत नाही गो. कुणीतरी तिला सुधारायला जातो."

हे वसूभाऊ दामले. जिल्हा कोर्टात शिरस्तेदार. ऐंशी सालानंतरच्या त्या दिवसांत आमच्या आळीत गाडी असलेला हा एकच माणूस, आणि आळीत सगळ्यात जास्त चालणारा माणूसही हाच, कारण गाडी बहुधा अंगणात उघडी पडलेली असायची.

गाडी साहेबाच्या राज्यातली, काळी, गोल पाठीची. एका डॉक्टरांच्या घरून त्यांनी ती उचलून आणली होती. काळी आणि सदानकदा काहीतरी किलबिल करत असते म्हणून तिचं नाव मैना. सकाळी कोर्टात जाणारे वसूभाऊ पांढरा शर्ट, पँटला इस्त्री, बोलणं तोलूनमापून. संध्याकाळी तेच वसूभाऊ बनियनवर, खाकी अर्ध्या चड्डीत, बॉनेटखाली कमरेपर्यंत गडप. भाषा मात्र दोन्हीकडे कोर्टाचीच. प्लग हा आरोपी, कार्बोरेटर हा सराईत आरोपी, आणि बॅटरीला त्यांनी कधीच आरोपी केलं नाही. "ती बिचारी फिर्यादी आहे," म्हणायचे. काही सापडलं नाही की हात झटकून "तारीख पडली" असं जाहीर करायचे आणि अंघोळीला जायचे.

आणि पहिला प्रश्न सगळ्यांना तोच. शेवटचा हात कुणाचा? दूध नासलं तरी, रेडिओ खरखरला तरी, समोरच्या सावंतांच्या सुनेचं सासूशी वाजलं तरी. एकदा ताप आला म्हणून डॉक्टरकडे गेले, तर त्यांनाच विचारलं, "परवा तुम्ही सुई टोचलीत, त्याआधी मी बरा होतो. शेवटचा हात कुणाचा?" डॉक्टरांनी वहिनींना बाहेर बोलावून विचारलं म्हणे, की हे घरीही असेच असतात का.

इंदूवहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. ठेंगण्या, गोऱ्या, आवाज खणखणीत, आणि हसायला लागल्या की डोळ्यांतून पाणी. वहिनींनी सगळं सहन केलं. अंगणातलं ऑइल, दोरीवरच्या साड्यांना लागलेले काळे डाग, केव्हाही जेवायला हाक मारावी तर "आलो, आलो" म्हणत तासाभराने येणारा नवरा. फक्त एक गोष्ट त्या करत नसत. मैनेत बसत नसत. पाय म्हणून आत ठेवत नसत.

त्याचं कारण मला त्यांनीच सांगितलं, कुळीथ निवडता निवडता. त्यांचं माहेर संगमेश्वरच्या बाजूला, बावनदीच्या पलीकडे. मैना घरी आल्यावर वसूभाऊ त्यांना थाटात माहेरी घेऊन गेले. जाताना उतार, मैना कशी पाखरासारखी गेली. येताना निवळीचा चढ. अर्ध्या चढावर मैना धापा टाकायला लागली, खोकली आणि मेली.

"अगो, मी अंजिरी शालू नेसलेली," वहिनी सांगत होत्या, "मागल्या सीटवर दोन फणस, माझ्या हातात आईने दिलेली तुळशीची कुंडी. आणि हे मला म्हणतात, इंदू, जरा उतरून धक्का मारतेस? मी मारला हो धक्का! शालूचा काचा मारून मारला. तेवढ्यात मागून एसटी आली. आणि एसटीत कोण? माझी सगळी माहेरची आळी, बाजाराला निघालेली. खिडकीखिडकीतून डोकी बाहेर. माझी चुलती विचारत्ये, इंदू, गाडी नवी का गो?"

"मग तुम्ही काय केलंत?"

"कुंडी घेतली आणि चढले एसटीत. फणस आणि नवरा घाटात ठेवून आले." एवढं बोलून त्या हसायला लागल्या. मग डोळे पुसत, पण अगदी ठाम म्हणाल्या, "त्या दिवशी सांगितलं यांना. तो चढ न थांबता चढली तर बसेन, नाहीतर मी आणि माझी एसटी."

वसूभाऊंना कोर्टात बढती हवी होती असं नाही, मुलगा मुंबईला नोकरीला होता, त्याचीही काळजी नव्हती. त्यांना इंदू पुढच्या सीटवर हवी होती. बस, एवढंच. ते तसं स्पष्ट बोलूनही दाखवायचे. पुढच्या सीटवर त्यांनी नवं रेक्झिन घातलं होतं आणि तिथे कुणाला बसू देत नसत. आमचे हे एकदा चुकून बसले, तर "कुलकर्णी, राखीव जागा आहे ती," म्हणून उठवलं.

तर चढ चढत नाही म्हणजे चेन जुनी झाली, ढिली पडली, असा निकाल देऊन त्या वर्षी नवरात्रात त्यांनी इंजिनाचं तोंड उघडलं आणि नवी चेन, नवी दातेरी चाकं आणली. दसऱ्याला मैना पुन्हा सुरू झाली. आळीत पेढे वाटले. आणि दुसऱ्या दिवशी थिबा पॅलेसच्या चढावर घातली तर, काय सांगू, पूर्वीपेक्षाही वाईट! नुसती फुसफुस. सपाटीवर बरी, चढ बघितला की हातपाय गाळणारी.

तिथून आमच्या आळीचं सुख सुरू झालं. मी सुखच म्हणते. दर रविवारी सकाळी काहीतरी घडणार ही खात्रीच असायची.

एका रविवारी वहिनींचा आरडाओरडा. पाहते तर वहिनींच्या हातात खराटा, तोही निम्मा झालेला. वसूभाऊ रोज त्यातली एक एक हीर काढून नेत होते. एका प्लगच्या भोकातून हीर आत सोडायची, आमच्या यांनी हँडल फिरवायचं, आणि आत पिस्टन वर आला की हीर वर येते ते बघायचं. ही त्यांची पद्धत. दुकानातलं यंत्र का नाही आणत, असं मी विचारलं तर म्हणाले, "माडाच्या हिरीसारखी सरळ आणि हलकी वस्तू जगात नाही. आत मोडली तरी जळून जाते."

मी मुद्दाम म्हटलं, "मग आली की हीर वर, झालं ना काम?"

"नाही गो, तिथेच तर मेख आहे!" आता त्यांना गाडी सोडून शिकवायला कुणीतरी मिळालं होतं. "पिस्टन दोनदा वर येतो. एकदा हवा आणि पेट्रोल दाबायला, एकदा धूर हाकलायला. दिसायला दोन्ही सारखेच. कुठल्या कामासाठी वर आलाय हे हीर सांगत नाही. त्याला अंगठा लागतो." आणि त्यांनी आमच्या यांचा अंगठा धरून प्लगच्या भोकावर दाबला. "फिरव हँडल, सुनंदा!" मी फिरवलं. फस्सकन हवा आली आणि यांचा अंगठा उडाला, हे मागे वहिनींच्या तुळशीवर जाऊन बसले. वसूभाऊ टाळ्या वाजवत होते. "दाबणारा! हा दाबणारा!"

असं बघून बघून ते ठिणगीची वेळ लावायचे. त्यांच्या भाषेत सांगायचं तर इंजिनात दोन वेळा सांभाळाव्या लागतात. व्हॉल्व्ह म्हणजे दारं. हवा आत यायचं एक, धूर जायचं एक. ती कधी उघडायची आणि मिटायची, हे ठरवते चेन. ठिणगी कधी पडायची, हे ठरवतो डिस्ट्रिब्युटर. तो बाटलीसारखा उभा असतो, डावी-उजवीकडे थोडा फिरवला की ठिणगी लवकर किंवा उशिरा. चेन आपण नवीच बसवली आहे, ठिपक्याला ठिपका जुळवून, तेव्हा दोष ठिणगीत, अशी वसूभाऊंची पक्की समजूत. म्हणून डिस्ट्रिब्युटर रोज थोडा फिरायचा. दोन बोटं इकडे, एक बोट तिकडे.

ठिणगी उशिरा पडली की काय होतं तेही रत्नागिरीने पाहिलं. न जळलेला वायू सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतो आणि बार उडतो. असा एक बार नेमका जज्जसाहेबांच्या बंगल्यासमोर उडाला. कावळे उडाले, पट्टेवाला आडवा झाला, साहेब दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून फाटकात. बघतात तर आपलेच शिरस्तेदार.

"दामले, काय प्रकार आहे हा?"

"साहेब, हिची वेळ चुकते."

साहेबांनी घड्याळात बघितलं. "आणि तुमची? अकराला बोर्ड आहे."

त्या दिवशी वसूभाऊ मैना तिथेच सोडून चालत कोर्टात गेले. दुपारी साहेबांनी म्हणे चेंबरमध्ये बोलावून हळूच विचारलं, की दामले, डिस्ट्रिब्युटर उजवीकडे फिरवून पाहिलात का. तेव्हापासून साहेबही आमच्या पक्षात. आमच्या आळीत रविवारी बॉनेटभोवती उभं राहून सल्ला देणाऱ्यांत कोण नव्हतं? सावंत, पोस्टातले शिवलकर, हापूसच्या बागेवरून परतणारे पटवर्धन. प्रत्येकाचा आरोपी वेगळा. वहिनी चहा करून द्यायच्या आणि माजघराच्या दारातून म्हणायच्या, "सगळे मिळून ढकला, म्हणजे चढेल."

मला वसूभाऊ फार आवडायचे. खरंच सांगते. नवख्या गावात, माणसं तोंडावर गोड पण जरा अंतर राखून असणारी, त्यात हा एक गृहस्थ हरल्यावरसुद्धा इतका खूश असायचा, की माझंही मन लागलं. दर रविवारी नवा आरोपी, दर रविवारी तो निर्दोष सुटायचा, आणि वसूभाऊ आनंदाने म्हणायचे, "चला, एक संशयित कमी झाला!"

मग वहिनींच्या भाचीचं लग्न ठरलं. मे महिन्यात, माहेरच्याच अंगणात. सगळी माहेरची आळी तिथे असणार, तीच एसटीच्या खिडक्यांतली डोकी. इंदू एसटीने येणार आणि आपण मैना घेऊन एकटे, हे चित्र त्यांना सोसेना. लग्न आठवड्यावर आलं तेव्हा मी त्यांना पहिल्यांदाच गप्प बसलेलं पाहिलं. पायरीवर, हातात स्पॅनर, चहा निवलेला. मी गडग्यावरून विचारलं, तर म्हणाले, "डिस्ट्रिब्युटर आता फिरतच नाही गो. फिरवत फिरवत इंजिनाच्या अंगाला टेकला. आणखी जागा नाही. आणि तरी ठिणगी मागेच."

वहिनी तांदूळ पाखडत होत्या. सूप न थांबवता त्या म्हणाल्या, "अहो, पूर्वी कुठे असायचा तो?"

"मध्यभागी."

"मग आता एवढा कडेला का जावा लागतो? पूर्वी मध्यभागी राहून चालायचं ना त्याचं? तुम्ही जगाला विचारता तेच विचारत्ये. शेवटचा हात कुणाचा?"

वसूभाऊंनी स्पॅनर पायरीवर ठेवला. मग हळूच म्हणाले, "माझा." आणि मग एकदम उठून ओरडले, "माझाच! डिस्ट्रिब्युटरला फिरवतं कोण? चेनच्या वरचं चाक! ते चाकच मागे बसलं असेल तर दारंही मागे, ठिणगीही मागे. मी ठिणगीला ओढत होतो आणि दारं तशीच उशिरा उघडत होती. चेन चुकली आहे!"

त्या संध्याकाळी इंजिनाचं तोंड पुन्हा उघडलं. आम्ही सगळे भोवती. कारखान्यातून दोन्ही चाकांवर एकेक बारीक खळगी ठोकून दिलेली असते, त्या दोन खळग्या समोरासमोर आल्या पाहिजेत. खालची बरोबर होती. वरची एका दात्याने बाजूला.

वसूभाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पण मी लाल ठिपके जुळवले होते," ते म्हणाले. "मी खुणेवर नेहमी लाल रंग लावतो. दोन्ही लाल ठिपके समोरासमोर आणले होते. शपथ." मग त्यांनी चाकावरून बोट फिरवलं. "पण या चाकांना मी रंग कधी लावला? डबी तर वाळून गेली होती."

आणि वहिनींच्या हातातला कंदील हलायला लागला. आधी मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. हसत हसत खालीच बसल्या.

"अहो, खंडेनवमी!" एवढंच त्यांना बोलता आलं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. कुणी कोयता मांडतं, कुणी शिवणयंत्र. मैना तेव्हा उघडी पडलेली, म्हणून वसूभाऊंनी तिची नवी चेन आणि नवी चाकं धुऊनपुसून पाटावर मांडली होती, खळगी बरोबर वर करून, देवाचं तोंड आपल्याकडे असावं तशी. आणि वहिनींनी स्नान करून, फुलं वाहून, दोन्ही चाकांना डोक्यावर कुंकू लावलं होतं. एका चाकाला बोट बरोबर खळगीवर पडलं. दुसऱ्याला शेजारच्या दात्यावर. दसऱ्याला वसूभाऊंनी भरल्या पानावरून उठून घाईघाईत चाकं चढवली, लाल ठिपका दिसला, लाल ठिपक्यासमोर लाल ठिपका आणला आणि झाकण लावलं. कुंकू ऑइलमध्ये केव्हाच विरघळून गेलं. सात-आठ महिने मैना वहिनींच्या बोटाच्या हिशेबाने चालत होती.

"म्हणजे शेवटचा हात तुझा!" वसूभाऊ आनंदाने नाचायचेच बाकी होते. "इंदू, तू आरोपी!"

"मी कुंकू लावलं, डोळे तुमचे होते," वहिनी म्हणाल्या. "खबरदार मला बोल लावाल तर. माझ्या कुंकवामुळेच ती फुटली नाही, नुसती दमली."

यावर कोर्टात काय निकाल लागला असता देव जाणे. चाक एक दाता सरकवलं. डिस्ट्रिब्युटर मध्यावर आला. मैना सुरू झाली आणि असा आवाज मी तिचा पूर्वी ऐकलाच नव्हता, सलग, भरलेला, पाटातल्या पाण्यासारखा. थिबा पॅलेसचा चढ ती गुणगुणत चढली. पण वहिनींनी शब्द बदलला नाही. "निवळी म्हटलंय. निवळीच."

लग्नाला त्या एसटीने गेल्या, आम्ही दोघं वसूभाऊंबरोबर मैनेतून. लग्न झालं, पंगती उठल्या, आणि परत निघायच्या वेळी वसूभाऊ मैनेचं पुढचं दार उघडून उभे राहिले. सगळं माहेर ओट्यावर उभं राहून बघत होतं. वहिनींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मैनेकडे. "मागे सुनंदा आणि कुलकर्णी बसतायत," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "म्हणजे धक्का मारायला माणसं आहेत." आणि बसल्या. अंजिरी शालू नेसून, पदर सावरून. वसूभाऊंना दार लावायचंही सुचेना, ते मी मागून हात घालून लावलं.

बावनदीचा पूल ओलांडला आणि चढ सुरू झाला. वसूभाऊंच्या मानेवर घाम. पहिलं वळण, दुसरं वळण, मैना आपली चाललेली, ना खोकला ना धाप. आणि ऐन मध्यावर, जिथे एका बाजूला दरड आणि दुसरीकडे करवंदाच्या जाळ्या होत्या, तिथे वहिनी म्हणाल्या, "थांबवा."

"काय?"

"गाडी थांबवा म्हणत्ये. इथेच."

"अगो वेडी का तू! चढावर थांबवू? एवढी आली आहे ती—"

"थांबवा."

थांबवली. इंजिनही बंद करायला लावलं. मी आणि हे घाईघाईने उतरून मागच्या चाकांना लावायला दगड शोधू लागलो. घाटात सगळं शांत. वसूभाऊंचे दोन्ही हात चाकावर घट्ट, चेहरा निकालाची वाट बघणाऱ्या आरोपीसारखा.

"आता करा चालू," वहिनी म्हणाल्या. "न थांबता काय, कुणीही चढेल. थांबून चढते का ते मला बघायचंय."

वसूभाऊंनी स्टार्टर ओढला. एकदाच. मैना उठली. हँडब्रेक सुटला, क्षणभर ती मागे आली, आणि मग अशी उसळून पुढे गेली की आमच्या पायांवर खडी उडाली. मला वाटलं पुढे जाऊन थांबतील. कसले थांबतात! वहिनींचा हात खिडकीबाहेर आला आणि दारावर थापा मारायला लागला, माझ्या माहेरी साताऱ्याला लेझीम खेळतात तशा तालात, आणि वरून त्यांचा खणखणीत आवाज, "चल! चल गो बाई, चल!" वसूभाऊंनी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही.

हातात एकेक जांभा दगड घेऊन आम्ही नवरा-बायको रस्त्यात उभे. आमची आठवण त्या दोघांनाही राहिली नव्हती, आणि आम्हालाही हाक मारावीशी वाटली नाही. पुढे आमची बदली झाली, पत्रं आली-गेली, पुष्कळ काही झालं. पण वसूभाऊ म्हटलं की मला ते पाठमोरेच दिसतात. मागच्या काचेतून दोन डोकी, एक अर्धं टकलं, एक मोगऱ्याचा गजरा माळलेलं. टकलं डोकं रस्ता सोडून शेजारी बघत होतं, आणि गजऱ्याचं डोकं त्याला हाताने धरून पुन्हा पुढे वळवत होतं, आणि मैना वळणाआड गेली.